चांदीचे ताट : गुण, दोष आणि निगा

महाराष्ट्रातील बेताच्या स्थितीतल्या घरातही चांदीची एखादी वाटी, एखादे फुलपात्र, पळी-पंचपात्री अथवा निरांजनांची जोडी बहुधा आढळतेच. बालकाच्या उष्टावणाला मामाने आणलेली वाटी, दिवाळसणाला जावयाच्या हाती दिलेले तांब्या-भांडे, हळदीकुंकवाच्या समारंभात फिरणारी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी, षष्ट्यब्दीच्या दिवशी पाटासमोर मांडलेले ताट, अशा प्रत्येक मंगल प्रसंगी या धातूची उपस्थिती आपल्या समाजाने गृहीत धरलेली आहे. आणि तरीही ज्या वस्तूला आपण एवढा मान देतो, तिच्याविषयीचे आपले ज्ञान बहुधा दोन टोकांच्या समजुतींत विभागलेले असते. एका पक्षाच्या मते चांदीच्या भांड्यातील अन्न हे जवळजवळ औषधच असून त्याने बुद्धी, बल व आयुष्य वाढते. दुसऱ्या पक्षाच्या मते ही भांडी म्हणजे केवळ अडकवून ठेवलेले द्रव्य असून त्यांची योग्य जागा तिजोरीत अथवा बँकेच्या लॉकरमध्येच होय. दोन्ही समजुती भांड्यावर सारखाच अन्याय करतात. भोजनपात्रासाठी चांदी खरोखरच उत्तम धातूंपैकी एक आहे. परंतु तिच्या गुणांना मर्यादा आहेत आणि तिचे शत्रूही ठरलेले आहेत. ते दोन्ही नीट ओळखून रोजच्या पानात तिला स्थान देणे हीच तिची खरी कदर होय, असे आमचे निश्चित मत आहे.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने चांदीच्या स्वभावाची किल्ली एका गोष्टीत आहे आणि ती म्हणजे गंधकाविषयीची तिची विलक्षण ओढ. हवेतील प्राणवायूशी ती सहसा संयोग पावत नाही, म्हणून लोखंडाप्रमाणे गंजत नाही. पाण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. दूध, भात, खीर, फळे यांतील सौम्य द्रव्यांनाही ती दाद देत नाही, म्हणून तिच्यात ठेवलेल्या पदार्थाला धातूची चव लागत नाही. मात्र गंधक अथवा गंधकयुक्त वायू समीप आला, की ती त्याच्याशी तत्काळ सख्य जोडते. तिच्या अंगचा जंतुनाशक गुण, तिचे काळवंडणे, अतिसेवनाने शरीरावर उमटणारा तिचा दुष्परिणाम आणि तिला पुन्हा उजळ करण्याची घरगुती युक्ती, या चारही गोष्टींच्या मुळाशी हीच ओढ आहे, आणि एवढे एक सूत्र हाती धरले असता पुढील सर्व विवेचनाचा उलगडा आपोआप होत जातो.

चांदीच्या पात्रातील पाणी दीर्घकाळ निर्मळ राहते हा अनुभव फार प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नमूद केले आहे, की इराणचा बादशहा मोहिमेवर निघाला म्हणजे सूसा नगरीजवळून वाहणाऱ्या कोआस्पिस नदीचे पाणी उकळून, चांदीच्या पात्रांत भरून, खेचरांच्या चारचाकी गाड्यांवर लादून त्याच्याबरोबर नेले जात असे. आपल्या देशात याच जातीचे उदाहरण जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली इंग्लंडला जाताना सवाई माधोसिंग महाराजांनी गंगाजल भरून नेलेले प्रचंड रौप्यकुंभ तेथे आहेत. त्यांपैकी प्रत्येकाचे वजन सुमारे ३४५ किलो असून प्रत्येकात चार हजार लिटरांच्या आसपास पाणी मावते. हिरोडोटसच्या वृत्तांतातील एक शब्द मात्र चांदीचे गुणगान करणारे लेखक नेहमी गाळतात, आणि तो म्हणजे ‘उकळून’. बादशहाच्या सेवकांनी पाणी आधी अग्नीने शुद्ध केले आणि मगच ते चांदीच्या स्वाधीन केले, हा क्रम आजच्या गृहस्थानेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या अनुभवाची शास्त्रीय मीमांसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचे जे संशोधन १८९३ साली प्रसिद्ध झाले, त्यात काही धातू पाण्यात अत्यल्प प्रमाणात उतरले असताही सूक्ष्म जीवांचा नाश करू शकतात, हे त्याने दाखवून दिले. चांदीच्या पृष्ठभागावरून सुटणारे विद्युद्भारित कण जंतूंच्या शरीरातील प्रथिनांत जेथे गंधक असते तेथे जाऊन चिकटतात आणि त्यायोगे जंतूंचे जीवनव्यापार बंद पडतात. त्यापूर्वीच, १८८० च्या सुमारास, लाइपझिग येथील क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालण्याची पद्धत सुरू करून असंख्य बालकांना अंधत्वापासून वाचविले होते. आणि भाजलेल्या जखमांवर लावण्याच्या मलमांत चांदीची संयुगे आजही वापरली जातात. तेव्हा चांदीच्या अंगी जंतुनाशक सामर्थ्य आहे, ही निव्वळ भाविकांची कल्पना नसून प्रयोगांनी सिद्ध झालेली गोष्ट आहे.

परंतु औषधातील विरघळणारे संयुग आणि ताटातील घन पत्रा यांत फार मोठे अंतर आहे. पत्र्यावरून सुटणाऱ्या कणांचे प्रमाण अत्यल्प असते. त्यांना आपले कार्य करण्यास काही तासांचा अवधी लागतो. आणि अन्नातील मीठ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ त्यांना वाटेतच अडवून निष्प्रभ करतात. रात्रभर चांदीच्या तांब्यात राहिलेल्या स्वच्छ पाण्यात जंतूंची वाढ काही अंशी रोखली जाणे संभवते. पण अर्ध्या तासाच्या जेवणात ताटातील वरणभातावर असा कोणताही परिणाम होण्याची शक्यता नाही. दूषित पाणी चांदीच्या भांड्यात ओतल्याने शुद्ध होत नाही, शिळे अन्न ताजे होत नाही, आणि अस्वच्छ हातांनी धुतलेली चांदीची वाटी स्वच्छ हातांनी धुतलेल्या स्टीलच्या वाटीहून अधिक आरोग्यदायक ठरत नाही.

आयुर्वेदाचा दाखला देऊन चांदीचा महिमा सांगणाऱ्यांनीही मूळ ग्रंथ पाहिले असता त्यांना तेथे अतिशयोक्तीऐवजी विलक्षण तारतम्य आढळेल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या प्रकरणात, कोणता पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा याची सविस्तर तजवीज केलेली आहे. तूप लोखंडाच्या पात्रात, पेया व पातळ रसदार पदार्थ चांदीच्या पात्रात, फळे पानांवर आणि ताकापासून केलेले आंबट प्रकार दगडी पात्रात द्यावेत, असा तो शिरस्ता आहे. भावप्रकाशात रौप्यपात्रातील भोजन डोळ्यांना हितकर व पित्त शमविणारे म्हटले आहे. मात्र ते कफ व वात वाढविते, हेही त्याच दमात सांगितले आहे. ज्या परंपरेने आंबटासाठी दगडी आणि पातळासाठी चांदीचे असा विवेक केला, तिच्या नावावर सरसकट ‘चांदी म्हणजे अमृत’ असा दावा खपविणे हे त्या परंपरेशी इमान राखणे नव्हे.

आता दोषांकडे वळू. नव्या भांड्यावर प्रथम पिवळसर, मग तांबूस-तपकिरी आणि अखेरीस काळी छटा चढते, ती चांदीच्या अशुद्धतेची खूण आहे असा सार्वत्रिक समज आहे आणि त्यापायी कित्येक प्रामाणिक सराफांना विनाकारण दोष पत्करावा लागतो. वास्तविक शंभर नंबरी चांदीही काळवंडते. हवेतील गंधकयुक्त वायू, विशेषतः गटारे, खाड्या, दलदली व कारखाने यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड, चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर निर्माण करतो. हवेत दमटपणा असला, की ही क्रिया अधिक वेगाने होते. मुंबईसारख्या शहरात व कोकणपट्टीवर, विशेषेकरून पावसाळ्यात, जी भांडी महिन्याभरात निस्तेज होतात तीच देशावरच्या कोरड्या हवेत दीर्घकाळ उजळ राहतात, यामागे हेच कारण आहे. अंड्याचा पिवळा बलक, कांदा, लसूण, कोबी, मोहरी आणि पादेलोण या पदार्थांतही गंधक असल्याने त्यांच्या संपर्काने चांदीवर डाग पडतात.

राजेलोकांच्या ताटात विष घातले असता चांदी काळी पडून इशारा देते, ही आख्यायिकाही याच धर्मातून उत्पन्न झाली असावी. सोमल हे जुन्या काळचे प्रसिद्ध विष. ते ज्या खनिजांपासून काढीत ती गंधकयुक्त असत, आणि शुद्धीकरणाची कृती अपुरी असल्यास विषाबरोबर गंधकाचाही अंश त्यात राहून जाई. चांदी काळी पडे ती त्या गंधकाने. शुद्ध सोमलाने चांदीचा रंग पालटत नाही, आणि उलटपक्षी निर्दोष उकडलेल्या अंड्याने मात्र पालटतो. तेव्हा विषपरीक्षेच्या कामी या धातूवर विसंबणे सर्वथैव चुकीचे होय.

गंधकाने पडलेला डाग निघतो. मिठाने केलेली इजा मात्र कायमची असते. ओलसर मीठ चांदीवर तसेच राहिले, तर तेथे सिल्व्हर क्लोराइड तयार होऊन पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात, आणि असा खड्डा घासून जात नाही. युरोपातील श्रीमंत घरांत चांदीच्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा देत अथवा त्यांत निळ्या काचेची वाटी बसवीत, ते याच कारणासाठी. आपल्या पद्धतीत तर हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. कारण मराठी पानाची मांडणीच अशी, की वरच्या बाजूस मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर व लोणचे हे सारे थेट ताटावर वाढले जाते. म्हणजे मीठ, आम्ल, लसूण आणि मोहरी या चांदीच्या चारही वैऱ्यांना आपण एका पंक्तीस बसवितो. यावर उपाय सोपा आहे. डावीकडील पदार्थांसाठी केळीच्या पानाचा लहानसा तुकडा ताटात मांडावा, अथवा चिनी मातीची किंवा काचेची चिमुकली पात्रे ठेवावीत. आमटी, कढी, सार हे आंबट पदार्थ जेवणापुरते चांदीच्या वाटीत वाढण्यास हरकत नाही, परंतु ते त्यात साठवून ठेवू नयेत. आणि लोणच्याची फोड ताटात टाकून हात धुवावयास जाऊ नये. सुश्रुताने आंबट पदार्थांसाठी दगडी पात्र का सांगितले असावे, याचा विचार या संदर्भात करण्याजोगा आहे.

मनुष्याच्या शरीराला चांदीपासून अपाय होतो काय, या प्रश्नाचे उत्तर प्रमाणावर अवलंबून आहे. चांदी हे शरीराला आवश्यक असे द्रव्य नाही. अन्नातून तिची गरज भागवावी लागते, असा कोणताही पुरावा नाही. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात चांदीची संयुगे पोटात गेली, तर ती त्वचेत साचून अंगाला करडा-निळा रंग चढतो. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. प्राणाला सहसा धोका नसला, तरी हा रंग बहुधा जन्मभर टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पेयजलविषयक मार्गदर्शिकेत आयुष्यभरात एकूण सुमारे १० ग्रॅम चांदी पोटात गेली असताही हा विकार होऊ नये, असा अंदाज दिलेला आहे. घन चांदीच्या ताटवाटीतून अन्नात उतरणारा अंश इतका सूक्ष्म असतो, की केवळ त्यात जेवल्यामुळे कोणी चिंता करण्याचे कारण नाही. खरी भीती आहे ती ‘कोलॉइडल सिल्व्हर’ या नावाने सर्वरोगहारक म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ सालीच अशी द्रावणे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिलेला आहे. चांदीच्या तांब्यातले पाणी प्यावे. चांदीचे पाणी औषध म्हणून पिऊ नये.

भांड्यातील चांदीपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या इतर धातूंची चौकशी अधिक काटेकोरपणे करावयास हवी. जोडकामासाठी वापरलेल्या डाकात पूर्वी कॅडमियमचा सर्रास उपयोग होत असे, कारण त्यामुळे डाक कमी उष्णतेवर वितळतो. पण कॅडमियम हा अत्यंत विषारी धातू असून तापविताना त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांत जाते आणि जोडावर उरलेला अंश अन्नाच्या संपर्कात येऊ शकतो. अन्नाच्या भांड्याचा डाक कॅडमियम व शिसे यांपासून मुक्त आहे काय, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्या प्रश्नाने कारागिराच्याही आरोग्याचे रक्षण होते. दुसरी दक्षता उष्णतेविषयी. सर्व धातूंत चांदी ही उष्णतेची सर्वोत्तम वाहक असून स्टीलच्या मानाने तिची वहनशक्ती पंचवीस पटींहून अधिक आहे. म्हणून कढत खीर अथवा दूध ओतताच वाटीचा काठ तेवढाच कढत होतो. लहान मुलाच्या ओठांना वाटी लावण्यापूर्वी ती आपल्या मनगटाला लावून पाहावी. तिसरी दक्षता बोंडल्याविषयी. अर्भकाला दूध पाजण्याच्या या चोचीच्या पात्राची चोच आतून घासता येत नाही, आणि तेथे साचलेल्या दुधात जंतू वाढतात. चांदीच्या जंतुनाशक गुणावर भरवसा ठेवून त्याचा वापर करणे धोक्याचे आहे. बाळासाठी उघड्या तोंडाची वाटी आणि गोलसर, गुळगुळीत कडांचा चमचा हेच योग्य होत, आणि प्रत्येक वापरापूर्वी ते उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावेत.

खरेदीच्या वेळी पहिला विचार शुद्धतेचा. निखळ चांदी फार मऊ असते. तिचे ताट लवकर पोचते, वाटीचा काठ वाकतो. म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळून तिला कणखर करतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी असलेल्या मिश्रणाला स्टर्लिंग म्हणतात, आणि बळकटी व शुद्धता यांचा तो उत्तम मेळ मानला जातो. ज्या घरांत राणीछाप रुपये आटवून भांडी केली गेली, त्या घरांत नकळत याच्या जवळपासचेच मिश्रण आले; कारण १८३५ पासून चाललेल्या सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग, म्हणजे हजारात सुमारे ९१७ भाग, चांदी होती. १९४० साली हे प्रमाण निम्म्यावर आणले गेले आणि १९४७ साली निकेलचा रुपया आला. यास्तव जुन्या घरातील ताट-तांब्ये आजच्या ९९९ च्या भांड्यांहून शुद्धतेने किंचित कमी असले, तरी वापराला अधिक कणखर असू शकतात. पूजेच्या उपकरणांस अथवा ठेवणीच्या जिनसांस ९९० किंवा ९९९ ची चांदी शोभेल. रोज धुवावयाच्या ताटवाटीस ९२५ अधिक मानवेल.

शुद्धतेची हमी तोंडी घेऊ नये. बाजारात ‘टंच’ काढून शुद्धता सांगण्याची जुनी रीत आहे, पण ग्राहकासाठी खरे प्रमाण म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क. चांदीसाठी ही योजना २००५ सालापासून अस्तित्वात आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या जिनसांवर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक उमटविण्याची ऐच्छिक व्यवस्थाही सुरू झाली असून तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. सक्ती नसल्यामुळे पुष्कळ दुकानांत हॉलमार्कविना माल मिळतो. तो सारा खोटा असतो असे नाही, परंतु जेथे शिक्कामोर्तब मिळू शकते तेथे त्याचा आग्रह धरण्यात ग्राहकाचेच हित आहे. पावतीवर शुद्धतेचा आकडा, निव्वळ वजन, चांदीचा त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ या चारही बाबी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात, आणि पुढे मोड दिल्यास किती घट धरली जाईल, याचाही खुलासा त्याच वेळी करून घ्यावा.

नावाने फसविणाऱ्या दोन वस्तूंची ओळख येथेच करून देतो. जर्मन सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूत तांबे, निकेल व जस्त असते. चांदीचा त्यात कणही नसतो. शोभेच्या तबकासाठी तो चालेल, अन्नासाठी, विशेषतः आंबट अन्नासाठी, चालणार नाही. दुसरी वस्तू मुलाम्याची. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट घेतल्यापासून ही कला जगभर पसरली. जाड मुलाम्याची भांडी वर्षानुवर्षे चालतात, परंतु झिजलेल्या जागी आतले पितळ अथवा तांबे उघडे पडले, की त्यात अन्न वाढणे बंद करावे. लोहचुंबकाने परीक्षा करणारे पुष्कळ आहेत. पण चुंबकाने केवळ लोखंड ओळखता येते, पितळ किंवा जर्मन सिल्व्हर नव्हे. त्याहून उपयुक्त परीक्षा वजन व आकारमान यांच्या तुलनेची. २०८ ग्रॅम वजनाचे भरीव स्टर्लिंगचे भांडे पाण्यात पूर्ण बुडविले असता सुमारे २० मिलिलिटर पाणी विस्थापित करते. तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हर सुमारे २४ मिलिलिटर करते. ही परीक्षा पोकळ जिनसांस लागू नाही.

पोकळ जिनसांची गोष्टच निराळी. समईची बैठक, अत्तरदाणीचा दांडा, चमच्यांच्या जाड मुठी यांत लाख भरून आधार देण्याची रीत आहे. त्या लाखेचे वजन चांदीच्या भावाने मोजले जात नाही ना, हे पाहावे. ताट घेताना काठ अंगठ्याने हलकेच दाबून पत्र्याची जाडी अजमावावी, बुड सपाट आहे की डुगडुगते ते पाहावे, आणि वाटीच्या आतल्या बाजूस सांधा अथवा खोल नक्षी नसावी, याकडे विशेष लक्ष द्यावे. कारण नक्षीच्या खाचांत अन्न साचते आणि ते काढण्यासाठी केलेल्या घासण्याने नक्षी व पत्रा दोन्ही झिजतात. ठाशीव कामाची शोभा बाहेरच्या अंगाला असावी, आतला भाग आरशासारखा गुळगुळीत असावा. महाराष्ट्रात नाशिकची चांदीची भांडी, खामगावची शुद्धतेबद्दल नावाजलेली चांदी आणि कोल्हापूरजवळच्या हुपरीचे कारागीर प्रसिद्ध आहेत. यंत्रावर दाबून काढलेल्या मालाहून हाताने घडविलेल्या भांड्याला घडणावळ अधिक पडते, पण तीत एका कुटुंबाची पिढीजात विद्या जिवंत राहते, याचे मोल जाणत्याने अवश्य द्यावे.

निगेचा पहिला नियम असा, की भांडे जेवणानंतर लगेच धुवावे. रात्रभर खरकटे राहिलेल्या ताटावर मिठाने जी इजा होते ती कोणत्याही उजाळ्याने भरून निघत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण अथवा रिठ्याचे पाणी आणि मऊ सुती फडके एवढे साहित्य पुरे. तारेची घासणी, काथ्या, राख, वाळू आणि रांगोळी यांनी चांदीवर बारीक चरे पडतात. दंतमंजन व टूथपेस्ट यांचाही तोच परिणाम होतो. चिंच, लिंबू व मीठ तांब्यापितळेला मानवतात, चांदीला ते अपायकारक आहेत. भांडी धुण्याच्या यंत्रात तिखट क्षार, कढत पाणी व स्टीलचा सहवास या तिन्ही गोष्टी एकत्र येत असल्याने तेथे चांदी घालू नये. धुतल्यावर भांडे वाऱ्यावर न ठेवता तत्काळ कोरडे पुसावे.

फिकट डागांसाठी औषधांच्या दुकानात मिळणारी खडूची अतिमऊ पूड पाण्यात कालवून सुती कापडाने हलक्या हाताने लावावी. अधिक काळवंडलेल्या साध्या भांड्यांसाठी एक रासायनिक युक्ती आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात, किंवा ज्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरला आहे अशा भांड्यात, कढत पाणी घेऊन त्यात लिटरमागे मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालावा आणि चांदीचा जिन्नस अ‍ॅल्युमिनियमला टेकेल अशा रीतीने त्यात काही मिनिटे बुडवावा. गंधकाचा थोडासा कुजकट वास येतो, आणि काळेपणा विरून जातो. येथे अ‍ॅल्युमिनियम चांदीपासून गंधक हिरावून घेते व सल्फाइडमधील चांदी पुन्हा पत्र्यावर राहते. घासण्याने मात्र ती चांदी फडक्याबरोबर कायमची निघून जाते. मीनाकाम केलेले, खडे बसविलेले, लाख भरलेले, मुलाम्याचे, अथवा नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळी ठेवलेली वस्तू यात बुडवू नये. बाजारातील तयार द्रावणांत आम्ल व थायोयुरिया असतो. तो त्वचेस व श्वासास हितकर नसल्यामुळे अन्नाच्या भांड्यांसाठी ती टाळणे बरे.

ठेवणीच्या भांड्यांचा बंदोबस्त करताना गंधक व ओल या दोहोंना दूर ठेवावे. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड, लोकरीची शाल आणि रबरी अस्तर ही चारही वर्ज्य होत. प्रत्येक भांडे खळ काढलेल्या मऊ सुती कापडात वेगळे गुंडाळावे, वर हवाबंद पॉलिथिनची पिशवी घालावी आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. पावसाळा संपला, की सर्व भांडी बाहेर काढून पाहावीत. परंतु या साऱ्या उपायांहून एक उपाय श्रेष्ठ आहे, आणि तो म्हणजे नित्य वापर. रोज धुतल्या-पुसल्या जाणाऱ्या भांड्यावर सल्फाइडचा थर साचण्यास अवसरच मिळत नाही, आणि हाताळणीने येणारे बारीक रेघांचे मऊ तेज नव्या भांड्याच्या झगमगाटाहून अधिक देखणे असते.

जुनी भांडी मोडीत घालण्याचा मोह भाव चढला म्हणजे सर्वांनाच होतो. पण आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. आजीचे माहेरचे नाव, लग्नाची तिथी, कोणी कोणास कोणत्या निमित्ताने दिले त्याचा उल्लेख, हे सारे त्या काठावर कोरलेले असते, आणि ज्या घराण्यांत एकही दफ्तर उरलेले नाही त्यांच्या इतिहासाचा तेवढाच लेखी पुरावा शिल्लक असतो. मुशीत चांदी आटते तेव्हा वजन परत मिळते, पण कोरलेले नाव परत मिळत नाही. तेव्हा मोड देण्यापूर्वी निदान त्या अक्षरांची नोंद व छायाचित्र घ्यावे, आणि शक्य असेल तर ते भांडे राखावेच.

वाचकांना आमची विनंती एवढीच, की चांदी घेताना शुद्धतेचा शिक्का पाहावा, तिच्याकडून औषधाची अपेक्षा धरू नये, मीठ व लोणचे तिच्यापासून दूर ठेवावे, आणि कपाटातले ताट सणाची वाट न पाहता पाटासमोर मांडावे. भोजनपात्र हे जेवणासाठीच घडविलेले असते, आणि ज्या घरातील मुले त्यात जेवून मोठी होतात त्याच घरात ते पुढच्या पिढीपर्यंत नीट जपले जाते.